बॉनेटपासून हौद्यापर्यंत

पिकअपच्या हौद्यात ठेवलेला १२ व्होल्टचा फ्रिज मध्यरात्री बंद पडला, की पहिला आळ बॅटरीवर येतो आणि दुसरा फ्रिजवर. नवी बॅटरी बसवली जाते, चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच रडगाणे. फ्रिज कंपनीकडे तपासायला दिला तर तो तिथे व्यवस्थित चालतो. या सगळ्या धावपळीत बॅटरी आणि फ्रिज यांच्यामधली पाच-सहा मीटर तार मात्र कोणी बघत नाही. बोरिवलीहून केक पोचवणारा असो, मुलुंडमधून श्रीखंड-बासुंदीच्या ऑर्डरी घेऊन निघणारा असो किंवा अंधेरीहून सुट्टीत मालवणला जाणारे कुटुंब असो, गाडीवर फ्रिज चालवायचा तर आधी तारेचे नीट केले पाहिजे, बाकीचे त्यानंतर.

फ्रिज कोणता घ्यायचा, हे मात्र त्याही आधी ठरवावे लागते. बाजारात ‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू मिळतात. दोन-चार हजारांत मिळणारा हलका डबा बहुतेक वेळा पेल्टिए तत्त्वावर चालतो. दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे जाँ पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ साली दाखवून दिले होते. तत्त्व सुंदर आहे, पण असा डबा बाहेरच्या तापमानापेक्षा फार तर २० अंशांनी खाली जातो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ५० अंश तापमान झाले, तर डब्यात ३० अंश राहणार. त्यात श्रीखंड ठेवायचे धाडस कोणी करू नये. शिवाय बहुतेक डबे न थांबता चार-पाच ॲम्पिअर ओढतच राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टर लावून चालवायचा. तोही मी सुचवणार नाही. साध्या घरगुती कॉम्प्रेसरला सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह लागतो, म्हणून इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. १२ व्होल्टचे २३० करताना दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, आणि फ्रिज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर स्वतःपुरती वीज खात राहतो. गाडीला हवा तो १२ व्होल्टवर थेट चालणारा, स्वतःचा कॉम्प्रेसर असलेला फ्रिज. तो महाग असतो, पण बाहेर कितीही तापले तरी आत चार अंश राखू शकतो, उणे पंधरालाही नेता येतो, आणि आतला माल गार झाला की थांबतो. त्याचे हे थांबणेच विजेच्या हिशोबात आपल्या कामी येते.

आता तार. चाळीस लिटरच्या आसपासचा असा फ्रिज चालू असताना साधारण पाच ॲम्पिअर ओढतो. बॅटरी बॉनेटखाली, फ्रिज मागे हौद्यात. वळणे-वळसे धरून अंतर सहा मीटर, आणि वीज जाऊन परत यायची म्हणजे एकूण बारा मीटर तांबे. ०.७५ स्क्वेअर एमएमच्या तारेला मीटरमागे सुमारे २६ मिलिओहम रोध असतो. बारा मीटरला ०.३१ ओहम. पाच ॲम्पिअर वाहिले की दीड व्होल्टहून जास्त दाब वाटेतच संपला. हीच तार २.५ स्क्वेअर एमएमची घेतली तर सुमारे अर्धा व्होल्ट जातो, आणि ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर जेमतेम ०.२ व्होल्ट. घराच्या २३० व्होल्टमधून दीड व्होल्ट गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे एकूण भांडवलच बारा व्होल्टचे आहे आणि त्यातला कामाचा पट्टा एक व्होल्टही रुंद नाही.

तो पट्टा असा. शिशाची चांगली बॅटरी पूर्ण भरून निवांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली, ११.८ म्हणजे संपली. गाडीची बॅटरी पार उतरू नये म्हणून या फ्रिजमध्ये दाबाचे संरक्षण असते. बहुतेकांत त्याच्या तीन पायऱ्या असतात आणि सर्वांत कडक पायरीवर फ्रिज ११ व्होल्टच्या जरा वर बंद होतो. पण फ्रिज मोजतो तो दाब स्वतःच्या टोकाचा. बॅटरीत १२.२ व्होल्ट, म्हणजे निम्मा साठा शिल्लक, तार मात्र बारीक, तर फ्रिजला दिसतात १०.६. बॅटरी संपली असे समजून तो बंद होतो.

पुढे काय होते ते फार थोडे जण लक्षपूर्वक बघतात. फ्रिज थांबला की तारेतला प्रवाह थांबतो, प्रवाह थांबला की वाटेतली गळती थांबते आणि फ्रिजच्या टोकाला पुन्हा पूर्ण १२.२ दिसू लागतात. सोसायटीत एकाच बारीक पाइपवर असलेल्या वरच्या मजल्याच्या नळासारखे हे आहे: नळ बंद असताना दाब भरपूर वाटतो, उघडला की धार जाते. दाब परत आला असे समजून फ्रिज काही वेळाने कॉम्प्रेसर सुरू करतो, दाब कोसळतो, पुन्हा बंद. चालू-बंद, चालू-बंद असे रात्रभर चालते. सकाळी बॅटरी ठीक असते, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि आतली बासुंदी मात्र आंबलेली असते. दोष शोधायला गेलात तर कशातच सापडत नाही, कारण मेकॅनिक मीटर लावतो तो फ्रिज थांबलेला असताना. मीटर लावायचा तो कॉम्प्रेसर चालू असताना, आधी बॅटरीच्या टोकांना आणि लगेच फ्रिजच्या प्लगपाशी. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर बॅटरीवर पैसे घालवण्याआधी तार बदला.

डॅशबोर्डवरचा लायटरचा सॉकेट याहून वाईट. तो सिगारेट पेटवण्यासाठी जन्मला. फ्रिजच्या प्लगच्या टोकाला एक स्प्रिंगवर दाबलेली छोटी पिन असते आणि बाजूला दोन पत्र्याचे कान. या तीन ठिकाणी फक्त टेकून वीज जाते, कुठेही घट्ट पकड नाही. साकीनाक्याच्या खड्ड्यांतून गाडी गेली की प्लग केसभर मागे सरतो, पिन अर्धवट टेकते, तिथे उष्णता तयार होते, प्लगचे प्लॅस्टिक मऊ पडते आणि पकड आणखी सैल होते. तासाभराने प्लगला बोट लावून बघावे. गरम लागला तर फ्रिजला मिळायची वीज तिथे जळते आहे. त्यात अनेक गाड्यांत किल्ली काढली की हा सॉकेट बंद होतो, मग रात्री फ्रिज चालायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून बॅटरीपासून थेट वेगळी लाइन ओढावी. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड तार लोहार चाळीत सहज मिळते. घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही इलेक्ट्रिकल दुकानातही मिळते. इंजिनाजवळून जाणारा भाग उष्णता सोसणाऱ्या वेष्टनाचा घ्यावा आणि पूर्ण तार लवचीक पाइपातून न्यावी. पत्र्यातून जिथे तार आरपार जाते तिथे रबरी बूच हवेच, नाहीतर पत्र्याची धार रोज थोडी थोडी वेष्टन कापते. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभराच्या आत २० ॲम्पिअरचा फ्यूज बसवावा. हा फ्यूज फ्रिजसाठी नसून तारेसाठी असतो. वाटेत कुठे तार घासून बॉडीला लागली तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतू शकते आणि गाडी पेटायला तेवढे पुरते. फ्यूज मागे फ्रिजजवळ बसवलेला दिसला तर त्या कारागिराला नम्रपणे पुन्हा काम करायला सांगा.

परतीची तार सुद्धा वेगळीच असावी. गाडीचा पत्रा म्हणजे अर्थ, हे खरे, पण पिकअपचा हौदा वेगळा बनवून चेसिसवर बसवलेला असतो. मध्ये रबर, रंग आणि कालांतराने गंज. हौद्याच्या एखाद्या बोल्टला ऋण टोक बांधून मोकळे होणे सोपे असते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर भोवतेही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा छोटा सेन्सर असतो. तिथे परतीची तार थेट टोकाला न लावता सेन्सरच्या पलीकडे, चेसिसवरच्या मूळ अर्थिंगच्या जागी लावावी, म्हणजे फ्रिजने घेतलेली वीज गाडीच्या हिशोबात येते. कंपनीच्या मूळ वायरिंगला कुठेही कात्री लावू नये. गाडी वॉरंटीत असेल तर नाहीच नाही.

सांधे हा उपनगरांतला खास प्रश्न. वर्सोवा, मढ, गोराईच्या बाजूला समुद्राची खारी हवा उघड्या तांब्याला महिन्याभरात हिरवट करते. दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळायची पद्धत घरातही चांगली नाही, गाडीत तर ती हमखास धोका देते. प्रत्येक टोकाला योग्य मापाचे लग लावून ते क्रिंप करून घ्यावे, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि बॅटरीच्या टोकांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. स्टिल्ट पार्किंगमध्ये आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे उंदीर. पाइपाच्या आतली तार वाचते, उघडी तार कुरतडली जाते.

तार नीट झाली की मग बॅटरीचा विचार करायला अर्थ आहे. पिकअपची बॅटरी एका क्षणासाठी बनवलेली असते. सेल्फ मारताना डिझेल इंजिन ३०० ॲम्पिअरच्या घरात प्रवाह ओढते, पण तीन सेकंदच. हिशोब केला तर होतो पाव ॲम्पिअर-तास. पाच ॲम्पिअर ओढणारा फ्रिज तीन मिनिटांत तेवढीच वीज संपवतो. हा दणका देता यावा म्हणून या बॅटरीच्या आतल्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या ट्यूब्युलर बॅटरीत प्लेटा जाड असतात, कारण तिला हळूहळू, खोलवर रिकामे व्हायचे असते. पातळ प्लेटांच्या बॅटरीला रोज निम्म्याखाली नेले तर ती एका हंगामातच म्हातारी होते.

फ्रिज दिवसभरात किती खाईल? मुंबईच्या ३०-३२ अंशांत, सावलीत आणि हवा खेळती असताना तो जवळपास एकतृतीयांश वेळ चालतो. सरासरी दीड ॲम्पिअर धरला तर दिवसाला ३६ ॲम्पिअर-तास, आणि रात्रीच्या बारा तासांत थोड्या गारव्यामुळे पंधरा-सोळा. बॅटरीवर ‘७० एएच’ असा आकडा असेल तर एक रात्र आरामात निघते आणि सकाळी गाडीही सुरू होते. दोन दिवस गाडी न हलवता फ्रिज चालू ठेवला तर बॅटरी रिकामी. रोज सकाळी निघणाऱ्या व्यावसायिकाला त्यामुळे दुसऱ्या बॅटरीची गरज नाही. शनिवार-रविवारी गाडी उभी राहत असेल तर फ्रिज उचलून घरी आणावा आणि भिंतीच्या प्लगवर लावावा. बहुतेक फ्रिजबरोबर घरच्या विजेवर चालायचा अडॅप्टर मिळतोच.

हा हिशोब एका गोष्टीने पार कोलमडतो: फ्रिजमध्ये गरम माल भरणे. ३२ अंशांचे दहा लिटर पाणी चार अंशांवर आणायला ३२५ वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. हा छोटा कॉम्प्रेसर मुंबईच्या उकाड्यात एका युनिट विजेमागे सुमारे सव्वा युनिट उष्णता काढतो, म्हणजे वीज लागली २६० वॉट-तास, जवळपास २० ॲम्पिअर-तास. पाण्याच्या दहा बाटल्यांनी एका रात्रीपेक्षा जास्त वीज खाल्ली. माल आदल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये गार करावा, गाडीचा फ्रिजही निघण्याआधी तीन-चार तास घरी चालवून घ्यावा. गाडीतल्या विजेने गारवा टिकवायचा असतो, तयार करायचा नसतो.

आता ही वीज परत भरणारा अल्टरनेटर. त्याच्यावर लिहिलेला ऐंशी-नव्वद ॲम्पिअरचा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. आयडलिंगला त्याचे उत्पादन निम्म्यावर किंवा त्याखालीही येते. जुलैतल्या संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर गोरेगाव ते दहिसर रांगत जाताना दोन्ही हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू असतात. त्यातून बॅटरीकडे जाण्यासाठी फारसे काही उरत नाही. त्यात शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कितीही मोठा अल्टरनेटर असला तरी कित्येक तास लागतात. म्हणूनच उपनगरातल्या उपनगरात फिरणारी गाडी दिवसभर रस्त्यावर असूनही अर्धपोटी राहू शकते, आणि तीच गाडी मुलुंडहून नाशिकला एकदा जाऊन आली की बॅटरी टवटवीत होते.

लांबच्या मुक्कामासाठी दुसरी बॅटरी लावायची असेल तर जुनी पद्धत रिलेची. इंजिन सुरू होऊन दाब १३.३ व्होल्टवर गेला की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, दाब १२.८ च्या खाली आला की तोडतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यानंतर आलेल्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब संगणक ठरवतो. बॅटरी पुरेशी भरली असे वाटले की तो दाब खाली आणतो, रिले तुटतो आणि दुसरी बॅटरी उपाशी राहते. अशा गाडीला डीसी-टू-डीसी चार्जर लावावा. तो पुढून कमी-जास्त दाब घेऊन मागे नेमका हवा तेवढा देतो. लिथियम बॅटरी असेल तर तो अत्यावश्यकच, कारण लिथियम मिळेल तेवढा प्रवाह ओढते आणि रांगत्या गाडीत अल्टरनेटर तापवून ठेवते. लिथियम बॅटरी बॉनेटखाली कधीही ठेवू नये, तिथली उष्णता तिला मारते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे हातात उचलून नेता येणारे ५०० वॉट-तासांचे पॉवर स्टेशन. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसला तरी ते सातव्या मजल्यावर नेऊन चार्ज करता येते, आणि एक दिवस फ्रिज चालवते. गाडीच्या वायरिंगला हात लागत नाही. टपावर सोलर पॅनेल लावायचा मोह होतो, पण गाडी दिवसा इमारतीच्या सावलीत उभी असेल आणि चार महिने आभाळ भरलेले असेल, तर त्यात पैसे घालू नयेत.

मासे नेणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे: बर्फच बरा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. वर सांगितलेला फ्रिज थांबत-थांबत चालून चोवीस तासांत जेवढी उष्णता काढतो तेवढी सहा किलो बर्फ शोषून टाकतो. वर्सोव्याच्या बंदरावरून १०० किलो मासळी घेतली तर ती २८ अंशांवरून शून्यावर आणायलाच ३० किलो बर्फ हवा, टिकवायचा वेगळा. असा थांबत-थांबत चालणारा फ्रिज पाच दिवसांत काढतो तेवढी ही उष्णता झाली. शिवाय वितळता बर्फ माशाला बरोबर शून्य अंशावर आणि ओला ठेवतो, फ्रिज चार अंशांवर ठेवतो आणि सुकवतो. कोळीवाड्यात थर्माकोलच्या पेट्या आणि कुटलेला बर्फ टिकून आहे तो याच कारणाने. आणि जाड वेष्टनात बर्फ किती टिकतो, याचा दाखला जुना आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरने बॉस्टनहून कोलकात्याला १८० टन बर्फ जहाजाने धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे १०० टन उतरवून घेता आला. पुढे तसाच बर्फ मुंबईलाही येऊ लागला.

फ्रिजची खरी गरज असते ती औषधांना, पण तिथेही नेमकेपणा हवा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले पेन मात्र सावलीत, ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालते. नेमकी मुदत पाकिटावर छापलेली असते. तेवढ्यासाठी फ्रिज चालू ठेवायची गरज नाही, फक्त ते उन्हातल्या बंद गाडीत विसरू नये. आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखे दिसले तरी वापरायचे नाही, फेकून द्यायचे. गाडीच्या फ्रिजवरचा आकडा त्याच्या सेन्सरजवळचा असतो. आतल्या भिंतींमागे गारव्याची नळी फिरते आणि भिंतीला टेकलेली वस्तू आकडा चार दाखवत असतानाही गोठू शकते. इन्सुलिन वरच्या टोपलीत, भिंतीपासून दूर, जाड कापडात गुंडाळून ठेवावे, आणि शेजारी एक साधा वेगळा थर्मामीटर ठेवून निघण्याच्या आदल्या रात्री तो तासातासाने वाचून घ्यावा.